भुतांच्या दरीला निघालेल्या सहल समितीस

सहल समितीचे सर्व सभासद आणि मे महिन्याच्या लाँग वीकएंडला नाव नोंदवलेली समस्त मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या सहलीचा आराखडा हाती आला. लास व्हेगासला विमानाने उतरायचं, भाड्याच्या व्हॅन घ्यायच्या आणि चार दिवसांत युटा राज्यातली झायन, ब्राइस, आर्चेस ही तीन नॅशनल पार्क उरकून परत. खाली बारीक अक्षरांत एक ओळ आहे: 'वाटेत जमल्यास व्हॅली ऑफ फायर, स्नो कॅन्यन, कोडॅक्रोम बेसिन, गॉब्लिन व्हॅली.' यातली शेवटची म्हणजेच भुतांची दरी. हे पत्र त्या 'वाटेत जमल्यास'बद्दल आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर चार अंगठे आणि दोन जोडलेले हात यांच्याखाली ते दुपारपर्यंत गाडलं गेलं असतं. म्हणून हे खुलं पत्र, सगळ्यांनी सावकाश वाचावं असं.

या चारही जागा (पहिली नेवाडात, बाकी तीन युटात) स्टेट पार्क आहेत, नॅशनल पार्क नव्हेत. फरक कागदोपत्री वाटतो, पण गेल्या वर्षी व्हॅली ऑफ फायरच्या फाटकावर त्यापायी आपली वीस मिनिटं गेली होती, आठवतंय ना? आपल्या चारही व्हॅनमधून नॅशनल पार्कचा वार्षिक पास बाहेर आला आणि खिडकीतल्या बाई शांतपणे 'इथे हा चालत नाही' म्हणत राहिल्या. आपले एक ज्येष्ठ सभासद त्यांना अमेरिकी राज्यघटना समजावू लागले. अहो, नॅशनल पार्क केंद्र सरकारची, स्टेट पार्क त्या त्या राज्याची. दोघांचे गल्ले वेगळे. आपण केलं ते एसटीचा पास लोकलच्या टीसीला दाखवण्यासारखं होतं. यंदा आधीच पैसे काढून ठेवा.

पण पत्र पासासाठी नाही.

त्याच दिवशी माउसेस टँक नावाच्या खडकातल्या पाणसाठ्याकडे जाणाऱ्या वाळूच्या वाटेवर आपण सगळे चाललो होतो. दोन्ही बाजूंना तांबडे कडे, त्यांवर जुन्या लोकांनी कोरलेली चित्रं: शिंगांची मेंढरं, माणसं, नागमोडी रेघा. कुणीतरी म्हणालं, 'हे तर रत्नागिरीच्या कातळशिल्पांसारखं!' मला फार बरं वाटलं. आणि पन्नास पावलं पुढे आपल्यातलाच एक नऊ वर्षांचा मुलगा व्हॅनच्या किल्लीने त्याच कड्यावर आपल्या नावाची आद्याक्षरं काढताना दिसला. इंग्रजीत, सुबक. त्याची आई ओरडली, पण हसत. मागून आवाज आला, 'जाऊ द्या हो, लहान आहे.' दुसरा आवाज म्हणाला, 'आपल्याकडे किल्ल्यांवर बघा की, एक बुरूज सोडलाय का लोकांनी!' हा बचाव होता की तक्रार, मला अजून कळलेलं नाही.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याने जे केलं ते नेमकं काय होतं, एवढंच सांगतो. वाळवंटातल्या खडकावर हजारो वर्षांत एक काळपट साय धरते. मँगनीज, लोह आणि चिकणमातीची. जाडी किती, तर कागदाहूनही कमी. जुन्या लोकांनी चित्रं काढली ती रंगाने नव्हे. दुसऱ्या दगडाने ठोकून त्यांनी ही साय उडवली आणि आतला फिका दगड उघडा केला. आपल्या पोराने किल्लीने केलं तेही तंतोतंत हेच. तंत्र तेच, म्हणून आयुष्यही तेच. पाण्याने पुसलं जाणार नाही, आणि घासून काढायला गेलं तर आसपासची सायही जाईल. म्हणजे आपल्या मंडळाची दोन अक्षरं त्या मेंढरांच्या शेजारी आता कायमची राहायला गेली आहेत. वर्गणी न भरता.

मी धुतल्या तांदळाचा आहे असं नाही. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी मागून सांगायला नको.

सहा वर्षांपूर्वी आई आली होती. सेंट जॉर्ज गावाला लागून असलेल्या स्नो कॅन्यनला तिला घेऊन गेलो. नावात स्नो आहे म्हणून तिने स्वेटर घातलेला. हे स्नो म्हणजे बर्फ नव्हे, तिथल्या जुन्या वसाहतवाल्या स्नो घराण्याचं आडनाव, हे मलाही पाटी वाचून कळलं. आत गेल्यावर आई एका जागी थांबली. समोर लाल आणि पांढऱ्या वाळूखडकाच्या थिजलेल्या लाटा, आणि त्यांच्यावरून ओघळून गोठलेला काळाकुळकुळीत दगड. 'अगं बाई, हा तर आपला दगड!' ती म्हणाली. खरंच होतं. बेसाल्टच तो. सह्याद्री ज्याचा झाला, अंधेरीतली आमची गिल्बर्ट हिल ज्याची उभी आहे, तोच. फक्त आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा आणि इथला शेंबडा पोर. इथला शेवटचा लाव्हा जेमतेम २७,००० वर्षांपूर्वीचा.

गिल्बर्ट हिलचं नाव निघालंच आहे तर सांगतो. मी तिच्या सावलीत वाढलो. सुमारे २०० फूट उंचीची, उभ्या खांबांची ती भिंत. वर गावदेवीचं देऊळ, खाली झोपड्या, इमारती आणि रिक्षांची रांग. जगात असे खांबांचे डोंगर मोजके. वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर तसाच, त्याला १९०६ मध्ये अमेरिकेचं पहिलं राष्ट्रीय स्मारक केलं आणि लोक दोन दिवस गाडी हाकत तो बघायला जातात. मीही गेलो, पैसे भरून. परत आलो तेव्हा आठवलं की गिल्बर्ट हिलच्या पायऱ्या मी एकदाही चढलेलो नव्हतो.

तर आई. चालता चालता ती वाकली आणि तिने वाळूतून एक गोटा उचलला. लिंबाएवढा, काळपट तपकिरी, जवळजवळ पूर्ण गोल. हातात जड. तिने तो पदराने पुसला, कपाळाला लावला आणि पर्समध्ये टाकला. 'शाळिग्राम मिळाला', एवढंच म्हणाली. मी बघत होतो, बोललो नाही. आईला कोण बोलणार. तेव्हापासून तो इथे आमच्या देवघरात, बाळकृष्णाशेजारी आहे. सणासुदीला त्याला पंचामृताचं स्नान होतं.

त्या गोट्यांना मोकी मार्बल म्हणतात, हे नंतर वाचलं. वाळूखडकातून झिरपणाऱ्या पाण्याने आतलं लोह वाहून नेलं आणि एका जागी वाळूच्या कणांभोवती त्याचं कवच जमवलं. आत वाळू, वर लोखंडाची साल. भोवतीचा मऊ खडक झिजला की हे गोटे बाहेर घरंगळतात. २००४ मध्ये मंगळावर उतरलेल्या ऑपॉर्च्युनिटी गाडीला तिथल्या मातीत असेच बारीक गोळे दिसले, तेव्हा शास्त्रज्ञांनी तुलनेसाठी युटाचेच गोटे पुढे केले होते. आणि गंमत अशी, की गंडकीतला खरा शाळिग्राम म्हणजे अ‍ॅमोनाइट नावाच्या समुद्री जिवाचा जीवाश्म. तोही इथल्या वाळूखडकासारखा ज्युरासिक काळातला. आईने निवड काही फार चुकीची केली नव्हती. चुकीचं होतं ते उचलणं. स्टेट पार्कमधून दगड, फूल, हाड काहीही नेता येत नाही. वर्षाला लाखो माणसं येतात. प्रत्येकाच्या आईला एकेक शाळिग्राम मिळाला तर वाळूत उरेल काय?

आता भुतांकडे वळू, कारण पोरांचा जीव तिथेच अडकलेला आहे.

गॉब्लिन व्हॅली हँक्सव्हिल आणि ग्रीन रिव्हर या गावांच्या मध्ये, २४ नंबरच्या रस्त्यावरून आत. तुमच्या आराखड्यात ब्राइसहून आर्चेसला जाण्याचा जो दिवस आहे, त्याच वाटेवर. १९२० च्या दशकाच्या अखेरीला आर्थर चॅफिन नावाचा माणूस दुसरा रस्ता शोधताना एका टेकडीवर आला आणि समोर हजारो बुटकी भुतं उभी दिसली. वीसेक वर्षांनी तो परत आला आणि त्याने जागेचं नाव ठेवलं मश्रूम व्हॅली; गॉब्लिन व्हॅली हे नाव पुढचं. १९६४ पासून ते स्टेट पार्क आहे. दरीच्या तोंडाशीच तीन भुतं एकत्र उभी आहेत, त्यांना तीन बहिणी म्हणतात. आई बरोबर असती तर साती आसरांपैकी चार कुठे गेल्या म्हणून विचारती.

ही भुतं झाली कशी, ते पोरांना तिथे उभं करून सांगा. वरची टोपी घट्ट वाळूखडकाची, खालचा थर मऊ गाळाचा. दोन्ही सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या चिखलवाळूत साचलेले. खडकाला उभ्याआडव्या चिरा पडल्या आणि त्याचे ठोकळे झाले. ठोकळ्याच्या कोपऱ्याला पाऊस आणि वारा दोन-तीन बाजूंनी भिडतो, म्हणून कोपरे आधी झिजतात आणि डोकं गोल होतं. मान मात्र मऊ थराची. प्रत्येक भुताचं डोकं पक्कं आणि मान कच्ची, हे लक्षात ठेवा.

कारण ऑक्टोबर २०१३ मध्ये नेमकी मानच मोडली. बॉय स्काउटची पोरं घेऊन आलेल्या मोठ्या माणसांपैकी एकाने भलामोठा गॉब्लिन खांद्याने रेटून पाडला, दुसऱ्याने चित्रफीत काढली, मग टाळ्या झाल्या, हाताला हात लागले. चित्रफीत जगभर फिरली. स्काउट संघटनेने त्यांना काढून टाकलं, कोर्टात दोघांनी गुन्हा कबूल केला, प्रोबेशन मिळालं. दगड मात्र आडवा पडला तो पडला. त्यांचं म्हणणं असं की तो डुगडुगत होता, कुणा मुलाच्या अंगावर पडला असता.

तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, ओरेगॉनच्या किनाऱ्यावर केप किवांडा इथे बदकाच्या चोचीसारखा एक वाळूखडक होता. कुंपणाच्या आत होता. एके दिवशी तो पडलेला सापडला आणि अधिकाऱ्यांना वाटलं, आपसूक पडला. मग एका पर्यटकाने टिपलेली चित्रफीत पुढे आली: काही जण मिळून तो ढकलत होते. त्यांनाही विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, आमच्या मित्राचा पाय इथे मोडला होता, म्हणून लोकांच्या भल्यासाठी पाडला. बघा, दोन्हीकडे समाजसेवाच. दगड पाडणाऱ्याला नेहमी कुणाचा तरी पाय वाचवायचा असतो.

गेल्या वर्षी परतीच्या विमानात मी हे सांगत होतो, तेव्हा समितीतल्या एका मित्राने खांदे उडवले. 'आज ना उद्या पडायचेच आहेत रे ते. दगडच तर आहेत.' तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता देतो.

मी या देशात आलो तो बॉस्टनला. २००२ च्या पानगळीत आम्ही चौघे विद्यार्थी एका खटारा गाडीतून न्यू हॅम्पशरच्या फ्रँकोनिया नॉच स्टेट पार्कला गेलो. तिथे कड्यावर ग्रॅनाइटच्या पाच पायऱ्या अशा पुढे आलेल्या होत्या की बाजूने बघितलं की म्हाताऱ्याचा चेहरा दिसायचा. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी. चाळीस फूट उंचीचा. ओल्ड मॅन ऑफ द माउंटन. त्या राज्याच्या नाण्यावर तो, गाड्यांच्या नंबरपाट्यांवर तो. म्हातारा डुगडुगतोय हे त्यांना फार आधीपासून माहीत होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच कपाळाला लोखंडी पट्ट्या आणि साखळ्या बांधल्या, पुढे भेगांमध्ये सिमेंट भरलं, पाणी वळवायला पन्हळ केली. दर उन्हाळ्यात माणसं दोराने खाली उतरून त्याच्या भेगा मोजायची, बुजवायची. बाप थकला की मुलगा उतरायचा. ३ मे २००३ ला तो कोसळला. हिवाळ्यात भेगेत पाणी गोठतं, फुगतं, वसंतात वितळतं. हजारो वर्षं हेच चाललं होतं, त्या वर्षी सरलं. लोक पायथ्याशी फुलं घेऊन आले. आता तिथे तळ्याकाठी लोखंडी खांब लावलेत. आपल्या उंचीप्रमाणे ठरावीक जागी उभं राहून एक डोळा मिटला, की खांबावरचे उंचवटे कड्याला जुळतात आणि म्हातारा क्षणभर परत दिसतो.

तर मित्रा, पडायचाच आहे हे त्या बांधणाऱ्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आजोबाही आज ना उद्या जायचेच असतात, म्हणून कुणी त्यांना जिन्यावरून ढकलत नाही.

आता मागण्या. समितीला मागण्यांशिवाय पत्र मिळाल्यासारखं वाटत नाही, हे मला सभासद म्हणून माहीत आहे.

गॉब्लिन व्हॅलीत मुक्काम करा. एक रात्र. दुपारी एक वाजता तिथे पोचून पुरीभाजी खाऊन निघण्यात काही अर्थ नाही. त्या उन्हात भुतंसुद्धा सपाट दिसतात, सावल्याच नसतात. तिथे तंबूची जागा आधी राखून मिळते, आणि जवळपास दिव्यांचं गाव नाही म्हणून २०१६ पासून त्या पार्कला काळोख्या आकाशाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. आपल्यातल्या निम्म्या पोरांनी आकाशगंगा फक्त पडद्यावर बघितली आहे. मोठ्यांनीही, खरं सांगायचं तर. त्यासाठी आर्चेसचा एक पॉइंट गळाला तर गळू द्या. आर्चेस कुठे पळून जात नाही, आणि तिथल्या पार्किंगमध्ये गेल्या वर्षी आपण जेवढे फिरलो तेवढे कमानींखाली फिरलो नाही.

व्हॅली ऑफ फायर सकाळी सातला करा किंवा करूच नका. मे अखेरीला तिथे तवा तापलेला असतो, आणि उन्हाळाभर उष्म्यामुळे तिथल्या बऱ्याच पायवाटा बंदच ठेवतात, फायर वेव्ह नावाची प्रसिद्ध वाटसुद्धा. २०२३ च्या जुलैत चालायला गेलेल्या दोन बायका तिथे मृतावस्थेत सापडल्या. माणशी चार लिटर पाणी धरा. ताक चालेल, पण पाण्याऐवजी नाही. आणि 'मी सह्याद्रीत भर मे महिन्यात ट्रेक केलेत' हे वाक्य ज्यांच्या तोंडी असतं, त्यांना मुद्दाम दोन बाटल्या जास्त द्या.

पाऊस झाला असेल तर कुणालाही वाळूखडकावर चढू देऊ नका, फोटोसाठी तर नाहीच. आपल्याला सवय काळ्या कातळाची. तो भिजला तर आपण घसरतो, तो काही मोडत नाही. वाळूखडकाचं उलट आहे. त्याच्या कणांना धरून ठेवणारी चिकण पाण्याने सैल होते आणि हाताखालचा तुकडा सुटून येतो. आणि वाटेबाहेर जिथे माती काळी, खडबडीत, करपलेल्या भाकरीसारखी दिसेल तिथे पाय टाकू नका. ती माती जिवंत असते. शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्म जीव मिळून वाळूला धरून ठेवतात. एका बुटाच्या ठशाला भरून यायला कित्येक वर्षं लागतात. कासवर फुलांत लोळून काढलेले फोटो आपण ज्या तोंडाने नावं ठेवून पुढे पाठवतो, तेच तोंड इथेही घेऊन जायचं आहे.

कोडॅक्रोमला मात्र घाईत गेलात तरी माझी हरकत नाही, अर्धा तासही पुरेल. रेतीखडकाचे ६७ उंच सुळके आहेत आणि ते कसे झाले यावर भूशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. नाव कोडॅकच्या फिल्मवरून, कंपनीची परवानगी घेऊन ठेवलेलं. ती फिल्म २००९ मध्ये बंद झाली. छत्तीस फोटोंचा रोल लग्नाला पुरवायचा असायचा, हे पोरांना सांगून बघा. सुळक्यांपेक्षा जास्त आश्चर्य त्यांना त्याचंच वाटेल.

एक गोष्ट मात्र समितीने निघण्याआधी बैठकीत सांगायला हवी. गॉब्लिन व्हॅलीत दरीत उतरलं की कठडा नाही, दोरी नाही, ठरलेली वाटही नाही. हजारो भुतांमधून हवं तिथे हिंडा, लपाछपी खेळा. सोबत पहारेकरी नसतो. मला अख्ख्या अमेरिकेत ही जागा सगळ्यात जास्त आवडते ती यासाठी. २०१३ नंतरही त्यांनी कुंपण घातलं नाही. आपल्याकडे एकाने नाव कोरलं की दुसऱ्या वर्षी जाळी येते, तिसऱ्या वर्षी तिकीट येतं आणि चौथ्या वर्षी जाळीला भोक पडतं. इथे ते मोकळं आहे तोवर आपल्या पोरांना ते मोकळंच बघू द्या. किल्ल्या मात्र मोठ्यांच्या खिशात ठेवा.

त्या नऊ वर्षांच्या, आता दहाच्या झालेल्या मुलाला यंदाही आणा. त्याच्या आईशी माझं बोलणं झालं आहे. ती कड्यावरची अक्षरं त्याने पुन्हा एकदा बघावीत, एवढंच आमचं ठरलंय. बाकी काही बोलायचं नाही.

आमची तीन नावं लिहून घ्या. शिवाय पहिल्या दिवशी झायनच्या आधी एक व्हॅन वीस मिनिटांसाठी स्नो कॅन्यनला वळवायला परवानगी द्या. पार्कच्या कचेरीत एक गोटा परत द्यायचा आहे. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'सहा वर्षं पूजा झाल्ये त्याची, नुसता नको देऊ. वर तुळशीचं पान ठेव.'

रेंजरला ते कसं समजावायचं, याचा मी अजून विचार करतो आहे.

आपला,
गेल्या वर्षीच्या दुसऱ्या व्हॅनमधला एक सभासद